नवे विंडोज टाकण्याआधी

संगणकावर नवे विंडोज टाकणे हे एका दुपारचे काम असते. जुने पुसले जाते, नवे बसते, आणि ते शिरूरला बसवले काय किंवा सोलापूरला, सारखेच असते. संगणकातल्या फायलींचे तसे नाही. दूध संकलन केंद्रातली उत्पादकांची खाती, फोटो स्टुडिओत ठेवलेले लग्नाचे चित्रीकरण, छापखान्यातल्या वीस वर्षांच्या पत्रिका, कर सल्लागाराकडचा टॅलीचा डाटा हे सारे माणसांनी स्वतः खपून तयार केलेले असते. ते पुन्हा विकत मिळत नाही. कार्यप्रणाली बदलताना जपायचे असते ते हेच, आणि नेमके त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते.

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत संगणक दोन प्रकारच्या जागी दिसतात. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांना संगणक विभाग असतो आणि बॅकअपची जबाबदारी ठरलेल्या माणसांवर असते. घोडनदीच्या बाजारपेठेतले दुकान, दौंड स्टेशनजवळचे झेरॉक्स-टायपिंग केंद्र, न्हावरे किंवा पाटसच्या परिसरातली पतसंस्था, यवत किंवा तळेगाव ढमढेरे येथील आपले सरकार सेवा केंद्र अशा ठिकाणी मात्र बहुधा सगळा कारभार एक-दोन संगणकांवर चालतो. संगणक हँग होऊ लागला की ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते आणि ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दे’ असे सांगितले जाते. या एका वाक्यात दोन वेगळी कामे आहेत. विंडोज टाकणे म्हणजे कार्यप्रणाली बसवणे. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरच्या फायलींची यादी पुसून जागा मोकळी करणे. पहिल्या कामासाठी दुसरे दर वेळी करावेच लागते असे नाही, पण सवयीने दोन्ही एकत्र सांगितली जातात आणि नुकसान होते ते दुसऱ्याने.

हा प्रश्न सध्या अनेकांपुढे एकाच वेळी उभा राहिला आहे. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, मात्र त्यानंतर सापडणारी नवी भोके बुजवली जाणार नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ देण्यात आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. म्हणजे २०१८ च्या आधी घेतलेले बरेचसे संगणक या चाळणीतून गळतात. त्यांच्या मालकांपुढे नवा संगणक घेणे किंवा जुन्यावर उबंटूसारखी मोफत लिनक्स कार्यप्रणाली बसवणे हे मार्ग उरतात. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचे आणि जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चे आयुष्य संपले तेव्हाही हेच झाले होते. मार्ग कोणताही घेतला तरी फायली एका घरातून दुसऱ्या घरात न्याव्याच लागतात.

कार्यप्रणाली बदलण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली म्हणजे चालू विंडोजवरच नवे चढवणे. यात सुरुवातीलाच वैयक्तिक फायली आणि सॉफ्टवेअर दोन्ही ठेवायचे, फक्त फायली ठेवायच्या, की काहीच ठेवायचे नाही, असे विचारले जाते. दुसरी पद्धत रीसेटची. त्यात ‘माझ्या फायली ठेवा’ हा पर्याय निवडला तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा फोल्डरांतले राहते. बाहेरून बसवलेली सॉफ्टवेअर मात्र जातात, आणि एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच फोल्डरात डाटा साठवला असेल तर तो वाचेल याची खात्री नसते. तिसरी पद्धत पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून कोरे विंडोज टाकण्याची. दुरुस्तीवाले बहुधा हीच वापरतात, कारण तिने जुनी दुखणी मुळापासून जातात. फायलींना सर्वाधिक धोकाही हिच्यातच असतो.

‘डाटा डी ड्राइव्हला आहे, काही होत नाही’ हा भरवसा या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. सी आणि डी ही बहुतेक संगणकांत दोन स्वतंत्र यंत्रे नसतात. एकाच डिस्कचे ते दोन कप्पे असतात, एकाच शेताचे मधे बांध घालून दोन तुकडे करावेत तसे. विंडोज सीमध्ये असते म्हणून सी फॉरमॅट केला तरी डी शाबूत राहतो, एवढे खरे. पण डिस्कच बिघडली, संगणकच चोरीला गेला, विजेच्या झटक्याने जळाला किंवा बसवणाऱ्याने चुकून सगळेच कप्पे पुसले, तर सीबरोबर डीही जातो. डी ड्राइव्हवर ठेवलेली फाइल हा बॅकअप धरता येत नाही. ती मूळ फाइलच आहे, फक्त दुसऱ्या खोलीत ठेवलेली.

दुसरी गल्लत डेस्कटॉपची. पडद्यावर समोर दिसते म्हणून तिथली फाइल कुठेतरी वेगळी, सुरक्षित आहे असे वाटते. प्रत्यक्षात डेस्कटॉप हे सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात, वापरकर्त्याच्या नावाखाली असलेले एक साधे फोल्डर आहे. डाउनलोड्सही तिथेच असते. सेवा केंद्रात दिवसभर उतरवलेले सातबारा, दाखले, पावत्या आणि लोकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कागदपत्रे या दोन फोल्डरांतच साचतात. सी फॉरमॅट झाला की सर्वांत आधी तीच जातात.

फोल्डरची जागा स्वतः बदलून ठेवली तरी सावध राहावे लागते, हे २०१८ साली जगभर दिसले. त्या वर्षी २ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मोठी सुधारणा खुली केली आणि चारच दिवसांत, ६ ऑक्टोबरला, ती मागे घ्यावी लागली, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फायली सुधारणेनंतर नाहीशा झाल्या होत्या. काही वापरकर्त्यांनी डॉक्युमेंट्सचा पत्ता सीवरून डीवर बदलला होता, पण जुन्या फायली जुन्या जागीच राहू दिल्या होत्या. नव्या सुधारणेने जुने फोल्डर निरुपयोगी समजून आतल्या फायलींसह काढून टाकले. अशा तक्रारी सुधारणा घेतलेल्यांपैकी एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या असल्याचे कंपनीने सांगितले. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. प्रमाण नगण्य होते, पण ज्यांच्या फायली गेल्या त्यांच्या दृष्टीने ते शंभर टक्के होते. यांपैकी कोणीही फॉरमॅट मारला नव्हता. ‘फायली ठेवा’ हा पर्याय निवडला म्हणून वेगळी प्रत काढायची गरज उरत नाही, या समजुतीला त्या ऑक्टोबरने कायमचे उत्तर दिले आहे.

प्रत काय काय काढायची, हा खरा कौशल्याचा भाग. वर्ड, एक्सेल, फोटो आणि व्हिडिओ कोणालाही आठवतात. विसरल्या जातात त्या फायली म्हणून न ओळखल्या जाणाऱ्या गोष्टी. मराठीत काम करणाऱ्या कार्यालयात त्यांत पहिला क्रमांक फॉन्टचा लागतो, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

देवनागरी लिपीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण मराठी छपाईच्या जगात ते उशिरा रुजले. तोवर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव आणि सीडॅकचे आयएसएम या प्रणालींवर काम होत राहिले. श्रीलिपी करणारी मॉड्युलर इन्फोटेक आणि सीडॅक या दोन्ही संस्था पुण्याच्याच. या जुन्या पद्धतीत फायलीच्या आत मराठी अक्षर नसतेच. तिथे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात, आणि त्या क्रमांकांच्या जागी ‘क’, ‘ख’, काना, मात्रा यांची चित्रे दाखवण्याचे काम फॉन्ट करतो. कोणत्या क्रमांकाला कोणते चित्र, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे. नवे विंडोज टाकले की फॉन्टचे फोल्डर कोरे होते, विंडोजचे स्वतःचे फॉन्ट तेवढे उरतात. मग जपून ठेवलेली लग्नपत्रिका, यात्रेचे पत्रक किंवा पतसंस्थेचे इतिवृत्त उघडले की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. ‘फाइल करप्ट झाली’ असे समजून लोक ती पुसून टाकतात. फाइल धडधाकट असते, फक्त तिला वाचणारा फॉन्ट हरवलेला असतो.

म्हणून फॉरमॅटपूर्वी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातले फॉन्ट्स हे पूर्ण फोल्डर उचलून ठेवावे. अलीकडच्या विंडोजमध्ये एकाच वापरकर्त्यासाठी बसवलेले फॉन्ट त्याच्या खात्यातल्या अॅपडेटा या लपलेल्या फोल्डरातही असतात, तेही पाहावे. फॉन्टच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा सेटअप, परवान्याचा क्रमांक आणि यूएसबीला लावायचे कुलूप असेल तर ते, सगळे एकत्र ठेवावे. ज्या कागदांचे महत्त्व टिकाऊ आहे त्यांची पीडीएफ प्रत करावी. फॉन्ट आत बसवून केलेली पीडीएफ कोणत्याही संगणकावर जशीच्या तशी उघडते. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे उत्तम. टायपिंगच्या साधनाचेही असेच आहे. गूगलने विंडोजवर बसवायचे आपले जुने मराठी टायपिंगचे साधन देणे बंद केले आहे. ज्यांच्या हाताला त्याचीच सवय आहे त्यांनी जपून ठेवलेला सेटअप पुसला गेला तर अधिकृत ठिकाणाहून तो पुन्हा मिळत नाही. छापखान्यांचे संगणकावर आलेले अनेक वर्षांचे काम फॉन्ट्सच्या या एका फोल्डराच्या आधारावर टिकून आहे. फायलींआधी फॉन्ट वाचवावेत.

हिशेबाच्या डाटाची गोष्ट निराळी. टॅलीत प्रत्येक कंपनीचा डाटा पाच किंवा सहा आकडी क्रमांकाच्या फोल्डरात असतो आणि ते फोल्डर कुठे आहे हे टॅलीतच दिसते. ‘डेस्कटॉपवर टॅलीचे चिन्ह आहे’ म्हणून ते चिन्ह पेन ड्राइव्हवर घेणारे लोक आहेत. ते चिन्ह म्हणजे नुसता रस्ता दाखवणारा बाण, त्यात एक रुपयाचाही हिशेब नसतो. टॅलीतून रीतसर बॅकअप घ्यावा, शिवाय सगळे डाटा फोल्डर उचलावे, आणि फॉरमॅटच्या आधी परवाना परत जमा करावा. नाही तर नव्या विंडोजवर तो पुन्हा सुरू करताना अडचण येते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे चालू वर्षाचा डाटा घेऊन भागत नाही, मागच्या वर्षांच्या कंपन्याही घ्याव्या लागतात. दूध संकलनाचे, खतविक्रीचे, पतसंस्थेचे सॉफ्टवेअर असेच सीवर स्वतःचे फोल्डर करून बसलेले असते. तिथे स्वतः अंदाज न बांधता सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला फोन करून ‘डाटा नेमक्या कोणत्या फोल्डरात आहे’ एवढे विचारून घ्यावे.

डिजिटल सहीचे प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्ये असते, त्यामुळे फॉरमॅटने ते जात नाही. नंतर टोकनचे सॉफ्टवेअर तेवढे पुन्हा बसवावे लागते. ते बसवताना ‘इनिशियलाइझ’चा पर्याय मात्र कधीही दाबू नये, त्याने टोकनमधले प्रमाणपत्र पुसले जाते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड खात्याशी जोडलेले नसतील तर विंडोजबरोबर जातात. पंधरा-वीस शासकीय संकेतस्थळांवर रोज लॉगिन करणाऱ्या सेवा केंद्रचालकाला याचा फटका मोठा बसतो. आउटलुक वापरणाऱ्यांची जुनी पत्रे बहुधा पीएसटी नावाच्या एका मोठ्या फायलीत असतात. पडद्यावर पिवळ्या चिठ्ठ्यांसारख्या स्टिकी नोट्समध्ये ग्राहकांचे फोन नंबर लिहून ठेवण्याची पद्धत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेले नसेल तर त्या चिठ्ठ्याही जातात. त्या वहीत उतरवून घेणे सोपे.

प्रत कशावर काढायची? या कामाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क किंवा एसएसडी सर्वांत भरवशाची. पेन ड्राइव्ह थोड्या फायलींसाठी ठीक, पण त्यात तीन खोडी आहेत. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही पेन ड्राइव्हवर लिहिलेली क्षमता खोटी असते. संगणक ५१२ जीबी दाखवतो, फायली घेतल्यासारखे करतो आणि खरी जागा संपल्यावर पुढचे सगळे निकामी होते. दुसरी खोड फॅट-३२ या मांडणीची. तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही आणि लग्नाच्या चित्रीकरणाची फाइल सहज त्याहून मोठी असते. अशा वेळी डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस मांडणीची असावी. तिसरी खोड नसून चूक आहे, आणि ती वारंवार होते: ज्या पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला त्यावरच विंडोज बसवण्यासाठीची बूट प्रत तयार केली जाते. मायक्रोसॉफ्टचे साधन ती प्रत तयार करताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसते. बॅकअपचा आणि बूटचा पेन ड्राइव्ह वेगळा, आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलेली, हा नियम पाळावा.

वेळेचाही हिशेब करावा. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल तर १०० जीबीला पावणेतीन तास लागतात. क्लाउडवर चढवायचे आणि इंटरनेटचा अपलोड वेग १० एमबीपीएस असेल तर तेवढ्याच डाटाला २२ तासांच्या वर. दुरुस्तीवाला दारात उभा असताना बॅकअप सुरू केला की तो अर्धवटच राहतो. आदल्या रात्री सुरू करावा.

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी जागा मोफत मिळते. निवडक कागदपत्रांना ती पुरते. तिथे एक भेद ध्यानात घ्यावा. संगणकाशी जोडलेले क्लाउड फोल्डर हा आरसा असतो. संगणकावर फाइल पुसली की आरशातूनही ती जाते, काही दिवस कचरापेटीत राहते एवढेच. खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फायलीच वर चढतात. कायम जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कचीही तीच गत होते. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवावी.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब जगभर मानला जातो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. शिरूरच्या दुकानदाराची एक डिस्क दौंडला मेहुण्याच्या कपाटात राहिली तरी हा हिशेब पुरा होतो. आग, चोरी, पुराचे पाणी एकाच वेळी दोन गावांतल्या दोन कपाटांत शिरण्याची शक्यता फार थोडी. मात्र सेवा केंद्रातील प्रतींमध्ये लोकांचे आधार, बँकेचे पासबुक, जातीचे दाखले असतात. ती डिस्क पासवर्डने कुलूपबंद असावी आणि संगणक दुरुस्तीला बाहेर पाठवण्यापूर्वी ही कागदपत्रे त्यावरून काढलेली असावीत. दुसऱ्याची कागदपत्रे सांभाळणे हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डाटा संरक्षण कायद्याने नुसते सौजन्याचे काम राहिलेले नाही.

प्रत काढली म्हणजे ती उघडते असे नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पिक्सार या चित्रपट कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतेक फायली पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नसल्याचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रनिर्देशिकेमुळे. मूल लहान असल्याने त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. जगातल्या नामांकित संगणक-कलावंतांच्या बाबतीत हे घडले, तर शिरूर-दौंडमधल्या एखाद्या स्टुडिओने तपासणी टाळण्याचे कारण नाही. मूळ फोल्डर आणि प्रत दोन्हींवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहावा. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून सर्वांत जुनी, सर्वांत मोठी आणि कालची अशा तीन तरी फायली उघडाव्यात. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून ताळेबंद पाहावा. हे होईपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नये.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट लागते. त्यांतल्या अनेकांची डिस्क बिटलॉकर किंवा त्याच्याच जातीच्या व्यवस्थेने आपोआप कुलूपबंद झालेली असते. मालकाला याचा पत्ता नसतो, कारण रोजच्या वापरात किल्ली आपोआप लागते. बायोसमध्ये बदल केला, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली की निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही फायली कायमच्या बंद. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. काम सुरू करण्याआधी ती तिथून काढून कागदावर लिहून ठेवावी. दुकानात लॅपटॉप घेताना ज्याने स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिले तो माणूस आज सापडेल का, हाही विचार त्यातच आला.

प्रत्यक्ष विंडोज टाकताना निर्णायक क्षण एकच येतो, तो डिस्कचे कप्पे दाखवणाऱ्या पडद्याचा. तिथे सी, डी अशी अक्षरे नसतात. ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ अशी नावे आणि आकार दिसतात. दोन कप्पे सारख्या आकाराचे असले की चूक व्हायला क्षणही पुरतो. आधीच प्रत्येक कप्प्याला ओळखू येईल असे नाव द्यावे आणि त्यांचे आकार कागदावर टिपून घ्यावेत. संगणकात दुसरी डिस्क असेल तर तिची वायर काम होईपर्यंत काढून ठेवणे सर्वांत सुरक्षित. बाहेरची बॅकअप डिस्क तर जोडलेली असताच कामा नये. वीज हा दुसरा धोका. शिरूर-दौंड भागात वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही आणि काम अर्ध्यात असताना वीज गेली तर संगणक सुरू होण्याच्याही पलीकडे जाऊ शकतो. डेस्कटॉप संगणकाला चालू बॅटरीचा यूपीएस आणि लॅपटॉपला पूर्ण चार्ज असल्याशिवाय कामाला हात घालू नये. फुकटात ‘अॅक्टिव्हेट’ करून देणारी चोरीची विंडोज टाकून घेऊ नये. अशा साधनांसाठी अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि त्यातूनच खंडणीखोर व्हायरसला वाट मिळते.

विंडोज अजिबात सुरूच होत नसेल तरी घाबरून फॉरमॅटकडे वळू नये. उबंटूचा पेन ड्राइव्ह लावून, डिस्कवर काहीही न बसवता, संगणक त्या पेन ड्राइव्हवरूनच चालवता येतो. ‘ट्राय’ हा पर्याय निवडला की डिस्कवरच्या फायली दिसतात आणि बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. विंडोज बिघडले तरी फायली जिथल्या तिथे असतात. बिघाड दुरुस्त करणाऱ्याने आधी हा उपाय केला का, हे विचारण्याचा हक्क मालकाला आहे.

एवढे करूनही चूक झालीच, तर पहिले काम म्हणजे संगणक बंद करणे. जलद फॉरमॅटमध्ये फायलींची यादी पुसली जाते, मजकूर त्याच जागी पडून असतो. नवे काही लिहिले गेले की तो झाकला जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून फोटोरेकसारख्या मोफत साधनाने बरेच परत मिळू शकते. मात्र ते साधन त्याच डिस्कवर बसवू नये आणि सापडलेल्या फायलीही तिथे उतरवू नयेत. एसएसडीवर आशा फार कमी, कारण मोकळी झालेली जागा ती आतल्या आत स्वच्छ करून टाकते. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर न चालवता ती बंद ठेवून डाटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. हे काम महाग असते आणि हमी कोणी देत नाही.

विंडोज चालू झाल्यावर फायली परत आणताना क्रम पाळला तर त्रास वाचतो: आधी फॉन्ट, मग सॉफ्टवेअर, मग डाटा, आणि शेवटी प्रिंटर व अंगठ्याचे यंत्र. जुन्या विंडोजवर नवे चढवले असेल, तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर दिसते. त्यात जुनी व्यवस्था असते आणि तिच्याकडे परत जाण्याची सोय दहा दिवस मिळते. त्यानंतर विंडोज ते फोल्डर आपणहून काढून टाकते. दुधाचे बिलही अनेक ठिकाणी दहा दिवसांनीच निघते. एखादी नोंद राहून गेली हे त्या बिलाच्या दिवशी कळले, तर मागे जाण्याचा रस्ता त्याच सुमारास बंद झालेला असतो.

योगायोगाने ३१ मार्च हा दिवस जगात बॅकअप दिन म्हणून पाळला जातो, आणि आपल्याकडे तोच आर्थिक वर्षाचा शेवट. वर्षभरात न उघडलेली फाइल याच दिवसांत शोधली जाते आणि काय हरवले तेही याच दिवसांत समजते. म्हणून विंडोज बदलल्यानंतर बॅकअपच्या डिस्कवर तारीख लिहून ती वेगळ्या कपाटात ठेवावी, आणि पुढची मार्चअखेर पार पडून लेखापरीक्षकाची सही होईपर्यंत तिच्यावरची एकही फाइल पुसू नये.